एक्केचाळीस होय

"दार लाव," सासरे म्हणाले, "आणि ती खुर्ची जवळ घे."

मला वाटलं, आता मृत्युपत्र निघतंय. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस मांडीचं हाड मोडून पाच आठवडे इस्पितळात पडला, की असलंच काहीतरी निघतं. मी दार लावलं, खुर्ची ओढली आणि घरून आणलेला शंकरपाळ्यांचा डबा त्यांच्या उशाशी ठेवला. एरवी डबा दिसला की ते आधी झाकण उघडून बघायचे. त्या दिवशी सुरुवातीला त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी मतदान होतं. इस्पितळातून त्यांना जाता येणार नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीनं मी मत द्यायचं ठरलं होतं. फ्रान्समध्ये तशी सोय आहे. पोलीस येतो, फॉर्मवर सही घेतो, आणि मग गावातल्याच दुसऱ्या मतदाराला तुमचं मत टाकता येतं. माझा नवरा जेरार जरा फुरंगटला होता, पोटचा मुलगा असताना सुनेचं नाव कशाला म्हणून. पण सासरे म्हणाले, उल्का पहिल्यांदाच मत देतेय, तिला सराव होऊ दे. त्यावर तो काय बोलणार?

काय टाकायचं हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. विचारायचं काय त्यात? रुशमों गावातल्या कुणालाही उठवून विचारलं असतं की लुस्याँ मार्शाल काय टाकणार, तर तो हसला असता.

"होय टाक," सासरे म्हणाले.

मला वाटलं, औषधाचा अंमल आहे. मी म्हटलं, "बाबा, 'नाही' टाकायचंय ना?" मी त्यांना पहिल्यापासून बाबाच म्हणायचे, त्यांना तो शब्द आवडायचा.

"माझं डोकं मोडलेलं नाही, पाय मोडलाय. होय टाक. आणि जेरारला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस."

आता थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला यात नवल काय तेच कळायचं नाही.

मी इचलकरंजीची. वडिलांची बारा मागांची शेड होती, त्या खडखडाटातच मी अभ्यास करून मोठी झाले. शहाऐंशी साली वडिलांनी फ्रान्समधल्या एका बंद पडलेल्या गिरणीचे आठ जुने माग घेतले, आणि ते बसवून द्यायला तिकडून एक उंच, लाजरा मुलगा आला. तो जेरार. सहा आठवडे आमच्याकडे जेवला, तिखटानं डोळे पुसत पुसत. पुढचं सगळं इथं सांगत बसत नाही. दोन वर्षांनी मी त्याच्याबरोबर त्याच्या गावी आले, आणि बघते तर काय, घरापुढेच ती रिकामी गिरणी. आठ माग ज्या जमिनीवर उभे होते तिथे त्यांच्या पायांचे चौकोन अजून दिसत होते.

त्या गिरणीत सासऱ्यांनी चौतीस वर्षं विणलं होतं. सासूबाईही तिथेच होत्या, त्या कापडातले दोष हातानं दुरुस्त करायच्या. खोऱ्यात अशा तीन गिरण्या, वरची, मधली आणि ही खालची. अठ्ठ्याहत्तर साली तिन्ही मिळून एक करायच्या अशी योजना निघाली. तिघींचे कामगार एक, संघटना एक, मालही एकाच नावानं विकायचा. पण करारात खोट होती. रात्रपाळीचा भत्ता कमी होणार होता, आणि साठ माणसांना वरच्या गिरणीत हलवायचं होतं. सासरे खालच्या गिरणीतल्या कामगारांचे पुढारी. ते गिरणीच्या अंगणात टेबलावर चढले, म्हणाले, हा कागद परत पाठवा, चांगला करून आणू द्या. लोकांनी ऐकलं आणि करार पडला. तेव्हापासून खोऱ्यात लुस्याँ मार्शाल म्हणजे "नाही म्हणणारा माणूस". कॉफीच्या दुकानात त्यांचा त्या टेबलावरचा फोटो लावलेला होता. गिरण्या पुढे बंद पडल्या, पण फोटो काही कुणी उतरवला नाही.

आणि आता दोन हजार पाच साली युरोपातल्या पंचवीस देशांनी मिळून एक संविधान लिहिलं होतं, म्हणजे खरं तर एक लांबलचक करार, आणि तो मान्य आहे का असं फ्रान्समधल्या लोकांना विचारलं होतं. होय किंवा नाही, एवढंच. आमच्या खोऱ्यात उत्तर ठरलेलं होतं. आमच्या घरात तर त्याहून. जेरारनं गॅरेजच्या दारावर "नाही"चं पोस्टर लावलं होतं. रविवारी जेवायला बसलं की तो त्या करारावर असा काही तुटून पडायचा की रस्सा गार व्हायचा. वडील टेबलाच्या टोकाला बसलेले असले की त्याचा आवाज आणखी चढायचा.

आणि मी? मी आदल्याच वर्षी फ्रेंच नागरिक झाले होते. कराराचं पुस्तक घरोघरी पोस्टानं आलं, तेव्हा गावातल्या बहुतेकांनी ते चूल पेटवायच्या कागदांत टाकलं. मी ते शब्दकोश घेऊन, इस्पितळात बाबांच्या उशाशी बसूनसुद्धा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पहिलं मत आहे, न वाचता द्यायचं म्हणजे काय? समासात पेन्सिलीनं एकोणीस प्रश्नचिन्हं केली. बाजार आणि स्पर्धा यांवर पानंच्या पानं होती, माणसाची नोकरी गेली तर काय यावर चार ओळी. शिवाय पुढे यातली एखादी ओळ बदलायची म्हटलं, तर पंचवीसच्या पंचवीस देशांनी मान हलवायला हवी. मी पुस्तक मिटलं आणि ठरवलं, नाही. जेरार म्हणतो म्हणून नाही, माझी मी.

तर अशी मी, आणि समोर हे म्हातारे म्हणतायत, होय टाक.

मी सरळ सांगितलं, "बाबा, मी स्वतः 'नाही' टाकणार आहे."

"माहीत आहे. तुझ्या पेन्सिली मी पाहिल्यात. म्हणून तर तुझं नाव दिलं. होयवाल्याला सांगितलं असतं तर त्यानं खुशीनं टाकलं असतं. तुला जड जाईल. तरी तू टाकशील."

मला राग आला, खरं सांगते. आयुष्यातलं पहिलं मत, आणि एका हातानं टाकायचं नि दुसऱ्या हातानं पुसायचं? मी विचारलं, का पण? तुम्ही तर करार पाडणारा माणूस.

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मग सांगू लागले, हळूहळू, मधेच थांबत. करार पाडताना ते लोकांना म्हणाले होते, चांगला कागद मागून येईल. लोकांनी विश्वास ठेवला. त्यांचा स्वतःचाही होता. मालक सहा महिन्यांत परत येतील असं त्यांना वाटलं. कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी वरची गिरणी एकटीच बंद पडली, मग मधली, चौऱ्याऐंशीत खालची. कागदातल्या ज्या चुका त्यांनी टेबलावरून वाचून दाखवल्या, त्या सगळ्या खऱ्या होत्या. त्यातली एकही आजही खोटी ठरलेली नाही, असं ते म्हणाले.

"मग तुमचं चुकलं कुठे?" मी विचारलं.

"मला वाटलं, मी चांगला कागद आणि वाईट कागद यांतून निवडतोय. दुसरा कागद नव्हताच, उल्का. एका बाजूला हा होता, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं."

त्यांनी डब्यातली एक शंकरपाळी घेतली आणि न खाता नुसती हातात धरली.

"आणखी एक आहे," ते म्हणाले. "हे मी कधी कुणाला बोललो नाही. तेव्हा मतदान हात वर करून झालं. आधी होय म्हणणाऱ्यांनी हात वर करायचे. मी टेबलावर उभा, मला सगळे दिसत होते. दुरुस्तीवाल्या बायकांच्या रांगेत ओदेत होती. तिनं हात वर केला."

ओदेत म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

"मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि हात खाली घेतला."

"मग?"

"मग काही नाही. घरी आलो, तिनं सूप वाढलं. एकवीस वर्षं ती त्यावर एक अक्षर बोलली नाही. गिरणी बंद झाली त्या दिवशीही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं." त्यांचा आवाज ओला झाला होता, आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "ते मत मी खाल्लं तिचं. रविवारी तू टाकशील ते माझं नाही, तिचं आहे."

मला रडू येत होतं, तेवढ्यात त्यांनी हसवलं. म्हणाले, "आणि गंमत बघ. तो करार झाला असता तर माग इथेच राहिले असते. जेरार तुमच्या गावाला गेलाच नसता. तू आली नसतीस, हा डबाही आला नसता. मला धड पश्चात्तापसुद्धा करता येत नाही."

निघताना मी विचारलं, मग माझ्या मताचं काय करू? ते एकदम कडक झाले. "तुझं तू बघ. मी तुझ्याकडे एकच मत मागितलंय. माझ्याकडे बघून हात खाली घेऊ नकोस, आणि वरही करू नकोस." मग म्हणाले, तुझ्या पिशवीतलं ते पेन्सिलवालं पुस्तक तेवढं ठेवून जा, इथे वाचायला काही नाही.

चार दिवस मी घरात चोरासारखी वावरले. जेरार करारावर बोलायला लागला की मी भांडी घासायला उठायचे. एकदा त्यानं विचारलंच, तुझं नक्की आहे ना? मी म्हटलं, आहे. काय आहे ते मलाच कळेनासं झालं होतं.

रविवार उजाडला. तो इथला मातृदिनही होता. शाळेच्या खोलीत मतदान, आणि येणाऱ्या निम्म्या लोकांच्या हातात फुलं, मतदान उरकून आईकडे जेवायला जायचं म्हणून. मी होयच्या दोन चिठ्ठ्या घेतल्या, नाहीच्या दोन, दोन पाकिटं, आणि पडद्याआड गेले.

बाबांचं पाकीट आधी केलं. होयची चिठ्ठी घडी करून आत घातली. मग माझं पाकीट घेतलं आणि तशीच उभी राहिले.

पडदा गुडघ्यापर्यंतच असतो. पलीकडे लोकांचे बूट दिसत होते. त्यांत जेरारचे ओळखीचे तपकिरी बूटही होते. तो खाकरला. आत जाऊन मला बराच वेळ झाला असणार. मला माझी एकोणीस प्रश्नचिन्हं आठवत होती, एकूण एक, पान क्रमांकासकट. बाबांची गोष्ट ऐकली म्हणून त्यातलं एकही पुसलं गेलं नव्हतं. आणि ते म्हणाले होते, माझ्याकडे बघू नकोस. बघायचं नाही म्हटल्यावर माणसाला आणखीच दिसतं. मी डोळे मिटले. तेव्हा बाबा दिसेनात, सासूबाईही दिसेनात. दिसली ती आमच्या घरासमोरची रिकामी गिरणी आणि फरशीवरचे ते चौकोन.

मी एक चिठ्ठी उचलली, पाकिटात घातली, आणि उरलेल्या दोन चुरगळून पर्समध्ये टाकल्या. कुठली घातली ते सांगते, पण जरा थांबा. तेव्हा मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाई महापौर पेटीशी बसल्या होत्या. काचेच्या पेटीत पाकीट पडलं की नाव घेऊन मोठ्यानं सांगायचं, अशी पद्धत. "मार्शाल लुस्याँ, मत दिलं!" त्या म्हणाल्या, आणि रांगेतल्या दोघातिघांनी कौतुकानं माना हलवल्या. एकजण म्हणाला, म्हाताऱ्याचं 'नाही' आलं बघा इस्पितळातून. मी वहीत सही केली. मग "मार्शाल उल्का, मत दिलं!" माझं पहिलं मत म्हणून टाळ्या वाजवल्या लोकांनी. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. तिथून थेट दफनभूमीत गेले आणि सासूबाईंच्या थडग्यावर बाबांनी सांगितलेली पांढरी फुलं ठेवली. म्हटलं, आई, झालं.

मोजणी गावातले लोकच करतात. जेरार एका टेबलावर होता, पाकीट फोडून चिठ्ठी वाचायचं काम त्याच्याकडे. मी मागे भिंतीला टेकून उभी. नाही, नाही, नाही, मग एक होय. सगळे इकडेतिकडे बघायचे. पुन्हा नाही, नाही, आणि पुन्हा होय. होय वाचताना जेरारचा आवाज जराही बदलत नव्हता. शेवटी बाई महापौरांनी आकडा सांगितला, नाही एकशे बत्तीस, होय एक्केचाळीस. खोलीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, उन्हाळ्यापुरते आलेले शहरवाले असतील. देशाचा निकालही थोड्या वेळानं आला. तिथेही 'नाही'च जिंकलं.

सोमवारी मी इस्पितळात गेले. बाबांनी रेडिओवर देशाचं ऐकलं होतं, त्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं, पण ते म्हणाले ते वेगळंच.

"आपल्याकडे किती?"

"एक्केचाळीस होय."

ते उशीवरून उठायला बघू लागले. मी त्यांना धरलं. "एक्केचाळीस? मला वाटलं, मी एकटा असेन," ते म्हणाले. "फार तर पाद्री. बाकीचे चाळीस कोण?" मग छताकडे बघत बोटांवर मोजायला लागले. पोस्टवाली असेल का, सुतार असेल का. प्रत्येक नावाला स्वतःच मान हलवायचे, छे, तो तर माझ्याशी हात मिळवून नाही म्हणाला होता. पाचसहा नावांच्या पुढे त्यांची गाडी जाईना.

मग माझ्याकडे वळले. "तू काय टाकलंस?"

"ते तुम्हाला का सांगू?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि एवढे खूश झाले की मला नवल वाटलं. माझा हात थोपटला. "शाब्बास," म्हणाले. "सांगू नकोस." मग डबा उघडला आणि तळापर्यंत संपवला.

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. काठी टेकत कॉफीच्या दुकानात जायचे, आपल्याच फोटोखाली बसायचे. तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही. तो करार तिथेच मिटला. पुढे दुसरा कागद आला, पण तो आम्हाला विचारायला नाही आला.

ते गेले त्याच्या महिनाभरानंतर जेरार आणि मी त्यांचं कपाट आवरत होतो. कोटांच्या खाली माझं ते पुस्तक निघालं. मी विसरूनच गेले होते. जेरार पलंगावर बसून पानं उलटू लागला.

"हे बाबांचं अक्षर," तो म्हणाला.

मी वाकून बघितलं. माझ्या पहिल्या प्रश्नचिन्हाशेजारी निळ्या शाईत लिहिलं होतं, "खरं आहे." दुसऱ्यापाशीही तेच. आम्ही एकेक पान उलटत गेलो. एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी, थरथरत्या हातानं, "खरं आहे." एका ठिकाणी तर दोनदा अधोरेखित. आणि ज्यावरून मी 'नाही' ठरवलं होतं ते शेवटचं प्रश्नचिन्ह, पंचवीस देशांचं, तिथे लिहिलं होतं, "खरं आहे. फार वाईट."

"बघितलंस," जेरार म्हणाला, "एकूण एक चूक दिसली होती त्यांना. उगाच 'नाही' म्हणत नव्हते."

मी बाबांना शब्द दिला होता की कुणाला सांगणार नाही. पण ते गेले होते, आणि त्यांच्या मुलाला त्यांचा अर्धाच भाग ठाऊक होता, हे मला सहन होईना. "जेरार, त्यांनी होय टाकलं," मी म्हटलं. "त्यांच्या सांगण्यावरून मीच टाकलं." आणि मग सासूबाईंच्या हाताचीही गोष्ट सांगितली.

तो ऐकत राहिला. पुस्तक मांडीवर उघडंच होतं. मग म्हणाला, "आणि तू?"

बाबांना दिलं तेच उत्तर मला देता आलं असतं. पण ज्या घरात एक बाई एकवीस वर्षं गप्प राहिली, त्या घरात मला ते जमेना. "मीही होय टाकलं," मी म्हटलं.

मला वाटलं, आता तो चिडेल. तो उठला, खिडकीशी गेला. खाली गॅरेजच्या दारावर त्या पोस्टरचे चार कोपरे अजून चिकटलेले होते.

"त्या दिवशी मी चिठ्ठ्या वाचत होतो ना," तो माझ्याकडे न वळता म्हणाला, "तेव्हा एक्केचाळीस निघाले. रात्रभर मी विचार करत होतो, बाकीचे चाळीस कोण."